कुणी न ओढता वाजणारी बेल

"तुकडा कधी घेणार, मॅडम?"

"घेऊन झाले. सहा घेतले."

टेबलावर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडलेला माणूस मान वळवून स्क्रीनकडे बघतो. त्याला वाटतं मी थट्टा करतेय. हे रोजचं आहे. मोठ्या आतड्याचा शेवटचा भागच दुर्बिणीतून बघायचा असेल तर आम्ही सहसा भूल देत नाही. माणूस जागा असतो, बोलत असतो. मी "ओपन" म्हणते, सिस्टर हँडल ढकलते आणि तारेच्या टोकाशी चिमट्याचा इवलासा जबडा उघडतो. "क्लोज." जबडा मिटतो. मी हलकेच ओढते, आतड्याचं अस्तर तंबूसारखं वर उचललं जातं आणि तुटतं. तिथे रक्ताचा एक थेंब जमतो. सिस्टर सुईच्या टोकाने तो तिळाएवढा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत सोडते. तोवर पेशंट गावाकडच्या पावसाची तक्रार करत असतो.

हीच दुर्बीण पुढच्या वळणावर नेताना हवा जरा जास्त गेली, आतडं ताणलं गेलं, की तोच माणूस सिस्टरचा हात धरतो. कपाळावर घाम येतो. "मॅडम, बास, बास."

कापलेलं कळत नाही आणि ताणलेलं सोसत नाही. सोलापुरात प्रॅक्टिस सुरू केल्यापासून हे मी रोज बघत आले, पण त्यावर विचार असा केला नव्हता. तो करायला लावला एका एसटी कंडक्टरने.

२०१४ साली ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना दिवसातून बारा-चौदा वेळा रक्त आणि आव पडत होती. रूट सोलापूर–बार्शी. वाटेतला कुठला स्टँड, कुठलं हॉटेल, कुठला पेट्रोलपंप, सगळीकडची संडासं त्यांना पाठ. वैरागच्या अलीकडे एक चहावाला होता, त्याच्याकडे ते स्वतःसाठी भरलेली बादली ठेवून देत. दुर्बीण घातली, तुकडे तपासले, अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. शरीराची संरक्षणफौज आपल्याच आतड्यावर उलटते असे दोन मोठे आजार आहेत, हा एक आणि दुसरा क्रोन्सचा. हा मोठ्या आतड्यापुरता, बहुतेक वेळा गुदाशयापासून वर चढत जाणारा. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही बसतो आणि आपल्याकडे टीबीच्या वेषात येऊन आम्हाला हमखास चकवतो.

स्टेरॉइड, मग मेसालामाइन, मग अझाथायोप्रिन. दोन वर्षांत मास्तर रुळावर आले. (आमच्या भागात कंडक्टरला मास्तरच म्हणतात, मीही म्हणते.) २०१६ च्या तपासणीत आतड्याचं अस्तर गुलाबी दिसलं, खालच्या रक्तवाहिन्यांची नक्षी पिंपळाच्या जाळीदार पानासारखी स्वच्छ. शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन ३८. हे सुजेच्या जागी जमणाऱ्या पांढऱ्या पेशींतलं प्रथिन. ५० च्या आत असलं की आम्ही खूश असतो. मी रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं आतडं माझ्यापेक्षा चांगलं आहे."

ते म्हणाले, "मग दुकतंय का? दोन घास खाल्ले की कळ येती. गेलो न्हाई तर धोतरात हुतंय का काय असं वाटतं, आन् गेलो तर काहीच न्हाई."

"ते आता तुमच्या मनात बसलंय. टेन्शन घेऊ नका."

"म्हंजे पोट खोटं बोलतंय का माझं?"

मी हसले, घबराटीवरची एक गोळी लिहिली आणि केसपेपरवर 'सर्व नॉर्मल, धीर दिला' असं लिहून पुढच्या पेशंटला बोलावलं.

आठ महिन्यांनी ते परत आले तेव्हा रक्त पुन्हा सुरू झालं होतं. खिशातून त्यांनी एक रिकामी पट्टी काढून टेबलावर ठेवली. मेडिकलच्या दुकानातून घेतलेली अंगदुखीची गोळी, डायक्लोफेनॅक. पोटातल्या कळेवर दिवसाला दोन, महिनाभर. या जातीच्या गोळ्यांनी शांत झालेला कोलायटिस पुन्हा पेट घेऊ शकतो, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, कारण त्यांना वेदनाशामकाची गरज पडेल असं मी धरलंच नव्हतं. "तुमी काय न्हाई म्हणलात, म्हणून मग मीच बगितलं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. ती पट्टी अजून माझ्या खणात आहे.

पुन्हा स्टेरॉइड, पुन्हा तीन महिने. या वेळी रात्री मी वाचायला बसले.

एमबीबीएसला आतड्याच्या मज्जातंतूंवर आमच्या वाट्याला जेमतेम दीड व्याख्यान आलं होतं. आतडं कसं हलतं ते त्यात होतं, आतडं काय जाणतं ते नव्हतं. आतड्यातून बातमी वर नेणारे रस्ते दोन. एक व्हेगस, मेंदूतून थेट पोटापर्यंत उतरणारी दहावी नस. मी इतकी वर्षं समजत होते की ती मेंदूचे हुकूम खाली आणते. प्रत्यक्षात तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू उलटे आहेत, खालची खबर वर नेणारे. भूक, तृप्ती, मळमळ हे तिचं खातं. दुसरा रस्ता पाठीच्या कण्यातून जातो. त्या तंतूंच्या पेशी कण्याच्या दोन्ही बाजूंच्या गाठींमध्ये बसलेल्या असतात आणि मुख्यतः हाच रस्ता दुखण्याचा.

या रस्त्यावर वाहतूक एकत्र होते. लहान आतड्याचे तंतू कण्यात शिरतात त्याच पातळीला बेंबीजवळच्या कातडीचेही शिरतात, त्यामुळे मेंदूला पत्ता नीट लागत नाही. लहान आतड्याच्या टोकाला क्रोन्स झालेला एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडे आला तो तीन वेळा बेंबी बसवून. आजीने नेलं होतं. मी नेहमीप्रमाणे कपाळाला आठ्या घातल्या. पण खरं सांगायचं तर बेंबी बसवणाऱ्याने निदान मुलगा दाखवत होता तिथे हात तरी ठेवला. त्याआधी सहा महिने आमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी त्याला ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या होत्या.

आता मिरची. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मज्जातंतूच्या टोकावरचं ते दार शोधलं जे मिरचीतल्या कॅप्सेसिनने उघडतं. नाव टीआरपीव्ही-१. या आणि पुढच्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं, स्पर्शाचं दार शोधणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर. मिरचीचं दार उष्णतेनेही उघडतं, साधारण ४३ अंश सेल्सियसच्या पुढे. हा आकडा सोलापूरकरांना मे महिन्यात पेपरात बघायची सवय आहे. म्हणून ठेचा गार असला तरी भाजतो. मेंदूला चटका आणि तिखट यांची खबर एकाच दाराने मिळते. हेच दार आतड्यातल्या तंतूंवरही असतं. ठेचा दोनदा झोंबतो हे ज्याला त्याला ठाऊक आहे, त्याचं कारण हे.

खरी गोष्ट पुढे आहे. सुजलेल्या जागी आम्लता वाढते, प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सुटतात आणि या दाराचा उंबरठा खाली येतो. मग ४३ अंश लागत नाहीत, अंगातली रोजची ३७ अंशांची ऊबसुद्धा पुरते. शिवाय आतड्यात काही तंतू असे असतात की धडधाकट माणसात ते जन्मभर गप्प राहतात, ताणलं तरी बोलत नाहीत. सूज आली की तेही जागे होतात. सूज ओसरली म्हणून ते सगळे पुन्हा झोपतातच असं नाही.

लंडनच्या डॉक्टरांचा २०१० मधला एक अभ्यास मी त्या रात्री दोनदा वाचला. आजार शांत झालेला, तरी पोट दुखतंय, अशा लोकांच्या आतड्याचे तुकडे त्यांनी घेतले. मिरचीचं दार असलेले तंतू त्यांत निरोगी माणसांच्या मानाने जवळजवळ चौपट होते आणि जिथे तंतू जास्त तिथे दुखणंही जास्त. म्हणजे माझे मास्तर. आणि ते एकटे नव्हते. आजार शांत असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना अशी लक्षणं राहतात. माझ्याच ओपीडीत असे किती जण 'धीर दिला' या शेऱ्यासकट घरी गेले असतील, ते मोजायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या पॅथॉलॉजिस्टकडे गेले. मास्तरांची जुनी काच काढायला लावली. "यात नसा किती आहेत?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग सूक्ष्मदर्शक माझ्याकडे फिरवला. गुलाबी-जांभळा रंग, सरळ उभ्या ग्रंथी, विहिरींसारख्या ओळीत. पांढऱ्या पेशींची गर्दी नाही. सुंदर काच होती. "दाखव नस," तो म्हणाला. मला एकही दिसली नाही. अस्तरातले हे तंतू इतके बारीक असतात की आमच्या नेहमीच्या रंगात ते उठतच नाहीत. त्यांना वेगळं रंगवावं लागतं आणि ते कुणी रोजच्या तपासणीत करत नाही. "तू सूज विचारलीस, मी सूज सांगितली," तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. 'नॉर्मल' हा शब्द मीच ओढून ताणून पोटभर पांघरला होता.

या विषयाचा अजून एक पदर आहे आणि मला तो सगळ्यांत विलक्षण वाटतो. संवेदी तंतू नुसते बातमीदार नाहीत. तारेच्या ज्या टोकाने बातमी आत येते, त्याच टोकातून ते स्वतःही काही ओततात. १९३१ मध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम यांनी घोड्याच्या मेंदूतून आणि आतड्यातून एक अर्क काढला. त्याचं नाव 'सबस्टन्स पी'. परीक्षेत मी पी म्हणजे पेन असं ठोकून दिलं होतं. ती खरं तर त्यांच्या पावडरीची खूण होती. हाच पदार्थ दुखणं वाहणारे तंतू ऊतींमध्ये सोडतात. रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपतं, पांढऱ्या पेशी गोळा होतात. हंगेरीत सेगेड या पाप्रिका मिरचीच्या गावी मिक्लोश यांचो नावाचे औषधशास्त्रज्ञ होते. मज्जातंतू तोडून बधिर केलेल्या कातडीला झोंबणारं द्रव्य लावलं तर ती सुजत नाही, हे त्यांच्या गटाने दाखवलं. तो निबंध १९६७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. म्हणजे सूज दुखवते हे खरं, आणि दुखणारी नस सूज वाढवते हेही खरं.

हे वाचल्यावर मला वाटलं, उत्तर सापडलं. दार बंद करा. माझ्यासारखं औषध कंपन्यांनाही वाटलं होतं. टीआरपीव्ही-१ ला कुलूप लावणारी औषधं त्यांनी माणसांना देऊन पाहिली, तर लोकांचं अंग तापायला लागलं, कारण शरीराचं तापमान सांभाळण्यातही या दाराचा हात होता. मग २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी उंदरांवरचं काम छापलं. उंदरांमधले हे दुखणं वाहणारे तंतू काढून टाकले की त्यांचा कोलायटिस कमी व्हायला हवा होता. तो वाढला. या तंतूंतून सुटणारं सीजीआरपी नावाचं द्रव्य अस्तरातल्या पेशींना श्लेष्मा सोडायला लावतं, आणि श्लेष्म्याचा तो थर जंतूंना भिंतीपासून लांब ठेवतो. दुसऱ्या गटाला सबस्टन्स पीचंही असंच संरक्षक काम दिसलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, ठीक. पण ज्या नसेला मी इतकी वर्षं आरोपी समजत होते, ती राखणदारही निघाली. तेव्हापासून 'नस मारून टाका ना, मॅडम' असं कुणी म्हणालं की मी लगेच मान हलवत नाही.

मास्तरांना मी पुण्याला एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत पाठवलं. गुदाशयात छोटा फुगा ठेवून तो थोडा थोडा भरायचा आणि माणसाला विचारायचं, आता कळलं का, आता जावंसं वाटतं का, आता सोसवत नाही का. बऱ्याच जणांना दीडशे-दोनशे मिलीपर्यंत कळ काढता येते. मास्तरांनी ऐंशीला हात वर केला. माझ्यासमोर पहिल्यांदाच त्यांच्या दुखण्याला एक आकडा आला होता. आकडा आल्यावर माझा त्यांच्यावर विश्वास बसला, याची मला अजून लाज वाटते.

मग मी त्यांना समजावून सांगायला बसले. वहीच्या पानावर आतडं काढलं, कणा काढला, मधे रेघा. आग विझली आहे, पण आग लागली तेव्हा ज्या तारा जाग्या झाल्या त्या अजून जाग्या आहेत, थोड्याशा वाऱ्यानेही त्या ओरडतात, वगैरे. मी बरंच बोलले. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे दोरी कुणी वडली न्हाई, तरी बेल वाजतीय."

"हो."

"आन् ड्रायव्हर गाडी थांबवतोय."

यापेक्षा चांगलं मला आजवर सांगता आलेलं नाही. आता इतर पेशंटना मी हेच वाक्य ऐकवते.

उपचार मात्र वाक्याइतका सोपा नाही. आधी खरोखर कुणी दोरी ओढत नाही ना, ते बघावं लागतं. कॅल्प्रोटेक्टिन पुन्हा, क्रोन्समध्ये आतडं कुठे अरुंद झालंय का, दुधाने त्रास होतो का, वरच्या भागात मळ साठून राहिलाय का. हे सगळं निस्तरलं की अगदी कमी मात्रेतलं अमिट्रिप्टिलिन, रात्री १० मिलिग्रॅम. यामुळे तारांवरचा गलका कमी होतो. इथे एक अडचण हमखास येते. पेशंट चिठ्ठी घेऊन दुकानात जातो आणि काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "ही तर डिप्रेशनची गोळी आहे." झालं. पेशंटला वाटतं, मॅडमनी पुन्हा वेड्यात काढलं. म्हणून आता मी दुकानदाराचं वाक्य आधीच सांगून टाकते, मात्रेतला फरक सांगते आणि मगच चिठ्ठी फाडते. ट्रामाडॉलसारख्या अफूच्या जातीच्या गोळ्या मी टाळते. त्या आतड्याची चाल मंद करतात, खरा बिघाड झाकतात, आणि काही जणांत तर दुखणंच वाढवतात.

बेल उलटीही बिघडते. तुळजापूरकडच्या एक आजी होत्या, क्रोन्सच्या. दर वेळी "काय बी न्हाई बाई, बरी हाय." मी खूश. मग रक्त कमी निघालं म्हणून दुर्बीण घातली, तर लहान आतड्याच्या तोंडाशी नखं खोल जातील असे व्रण. जेवढे व्रण, तेवढं दुखणं, असा हिशेब या आजारात लागत नाही. क्रोन्समध्ये तर अजिबातच नाही. तेव्हा पोट खरं बोलतं का खोटं, या मास्तरांच्या प्रश्नाचं माझ्याकडे अजूनही एका शब्दाचं उत्तर नाही.

तिखटाबद्दल सगळेच विचारतात. सोलापुरात शेंगाचटणी आणि ठेचा सोडायला सांगणं म्हणजे माणसाला पंक्तीतून उठवणं. मिरचीने कोलायटिस होतो असं मी कुणालाही सांगत नाही. रक्त पडत असेल तेव्हा नको, एवढंच. आजार शांत असेल तेव्हा थोडं खाऊन बघा, दोन दिवस लिहून ठेवा.

माझ्या केसपेपरवर पूर्वी एकच ओळ असायची, 'आजार : शांत / चालू'. २०१७ मध्ये मी रबरी शिक्का करून घेतला, त्यात दोन ओळी आहेत. वर 'सूज', खाली 'दुखणं, १० पैकी'. दोन्ही भरल्याशिवाय पेशंट उठत नाही. मास्तर गेल्या महिन्यात येऊन गेले. वरच्या ओळीत कॅल्प्रोटेक्टिन ४२, खालच्या ओळीत ३. वैरागची बादली बंद झाली आहे. रात्रीची गोळी चालू आहे, १० चीच. ठेचा आठवड्यातून एकदा.

आणि तुम्हाला किंवा घरात कुणाला हा आजार असेल, रिपोर्ट नॉर्मल येऊनही पोट दुखत असेल, तर दुकानातून अंगदुखीची गोळी आणू नका. डॉक्टरकडे परत जा आणि त्याच रिपोर्टवर बोट ठेवून पुन्हा विचारा.